पायांपाशी

पाय धुणं हे माझं काम आहे. बंगळूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मधुमेहामुळे जखमी झालेल्या पायांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे मी परिचारिका आहे. सकाळचा हॅण्डओव्हर झाला, ट्रॉलीवर सलाइन, गॉज, फोर्सेप्स, पट्ट्या मांडून झाल्या, की मी बुटक्या स्टुलावर बसते आणि पेशंट समोरच्या उंच खुर्चीत. मग दुपारपर्यंत एकामागून एक पाय पुढे येत राहतात. के. आर. मार्केटात पहाटे फुलांच्या राशीपाशी अनवाणी उभी राहणारी बाई, पीण्यातल्या कारखान्यात पाळीभर जड बूट घालणारा कामगार, मागडीकडचा नाचणी पिकवणारा शेतकरी, व्हाइटफील्डच्या कंपनीतला बडा अधिकारी. पट्टी सोडली की सगळ्यांच्या जखमेला सारखाच वास येतो. 'सवय होते' असं लोक म्हणतात. वासाची सवय होत नाही. चेहरा स्थिर ठेवण्याची होते.

मी ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली. शब्बाथशाळेपासून नम्रतेबद्दल ऐकत आले. बंगळूरला आल्यावर इथल्या मंडळ्यांमध्ये इंग्रजीतून, कन्नडातून, तमिळमधून त्याच विषयावरची प्रवचनं ऐकली. महत्त्वाकांक्षा सोडा, लीन व्हा, दुसऱ्याला मोठं माना. शब्द खरेच आहेत, पण ते ऐकताना दर वेळी मनात येतं, की हे कोण कुणाला सांगतंय? माझ्या स्टुलावरून या प्रश्नाचं जे उत्तर दिसतं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं शिक्षण मिरजेच्या रुग्णालयात झालं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते रुग्णालय; १८९७ मध्ये तिथे परिचारिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. जुनी माणसं अजून त्याला 'मिशन हॉस्पिटल'च म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही शिकलो ते बेड लावणं, पेशंटला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, बेडपॅन देणं. पुढे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळूरला उतरले. सेंट मार्थाज, सेंट जॉन्स, हेब्बाळचं बॅप्टिस्ट ही इथली मिशन रुग्णालयं मला नावानं ठाऊक होती. नोकरी मिळाली ती यातल्या कुठल्याही नव्हे, दुसऱ्याच एका रुग्णालयात.

भाषा आली नाही तरी चालेल, 'दुखतंय का?' हा एक प्रश्न सगळ्या भाषांतून विचारता आला पाहिजे, असं पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. कन्नडात 'नोवु इदेया?', तमिळमध्ये 'वलिक्कुदा?', दख्खनीत 'दुख रा क्या?'. आमच्या विभागात या प्रश्नाचं सर्वांत धोक्याचं उत्तर म्हणजे 'नाही'. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. चपलेत खिळा घुसलेला असतो आणि माणूस त्यावर दिवसभर चालतो. तपासणीसाठी आमच्याकडे नायलॉनचा एक तंतू असतो, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, तळव्यावर ठरावीक ठिकाणी तो टेकवायचा आणि 'लागलं की सांगा' म्हणायचं. कित्येक जण डोळे मिटून वाट बघत राहतात. तपासणी संपलेली असते, त्यांना वाटतं अजून सुरूच झालेली नाही.

या कामाचं मूळ कुष्ठरोगाच्या उपचारात आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे न कळलेल्या जखमा ती खातात, हे त्यांनी दाखवून दिलं. हाताच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचं नाव जगभर झालं, आणि तरीही या शल्यविशारदाने चपलांवर विचार केला, चपला बनवणाऱ्यांबरोबर काम केलं. ऑपरेशन टेबलावर वाचवलेला पाय वाईट चपलेने महिन्याभरात जातो, हे त्यांना दिसत होतं. आज आम्ही पेशंटला मऊ एमसीआर रबराची चप्पल लिहून देतो, तिच्यामागे ही सगळी हकिकत आहे.   आपल्या कौशल्याच्या मानाने फार खाली समजली जाणारी गोष्ट पेशंटला हवी आहे, एवढ्याच कारणाने हातात घेणं: नम्रतेबद्दल मला जे थोडंफार कळलं त्याची सुरुवात इथून झाली. ब्रँड स्वतःबद्दल काय बोलत यावर त्यांची नम्रता मी मोजत नाही. त्यांची नजर कुठे होती ते बघते.

आमच्या नगरकडच्या मंडळीत पवित्र गुरुवारी प्रभुभोजन होतं, पाय धुण्याचा विधी नसतो. तो मी पहिल्यांदा पाहिला बंगळूरला, एका मल्याळी मैत्रिणीच्या चर्चमध्ये. बारा पुरुष बाकावर ओळीने बसले होते. पायमोजे काढून ठेवलेले, पाय घरून साबणाने धुऊन आणलेले. धर्मगुरूंनी झगा आवरला, गुडघे टेकले, परात पुढे सरकवत एकेका पायावर पाणी घातलं, टॉवेलने टिपलं. म्हातारे होते, शेवटच्या तीन जणांपर्यंत येता येता त्यांना उठबस जड गेली. नंतर मैत्रिणीच्या घरी पेसहाचा अप्पम, म्हणजे त्या रात्रीची बेखमीर भाकरी, खाताना कुणीतरी म्हणालं, 'तुमचं तर रोजचंच आहे हे.' विधीतले पाय स्वच्छ असतात म्हणून त्याला नाटक म्हणणारे लोक मला भेटलेत. मला ते पटत नाही. विधी आठवण ठेवण्यासाठी असतो, आणि वर्षातून एकदा का होईना, मंडळीतल्या सर्वांत मानाच्या माणसाचे गुडघे फरशीला टेकतात ही आठवण मोलाची आहे. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. स्त्रियांचे पाय धुण्याची रीतसर मुभा कॅथलिक मंडळीत त्यानंतर, २०१६ मध्ये आली.

त्या रात्री माझ्या मनात राहिला तो पेत्र. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र अडून बसतो. तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. हा पेत्र मला रोज भेटतो. बेळगावकडचे एक आजोबा होते, मी पट्टी सोडायला वाकले की पाय मागे घ्यायचे. 'अहो सिस्टर, पायाला हात लावू नका, पाप लागतं आम्हाला.' कन्नड बोलणाऱ्या बायका 'बेडम्मा, बेडा', नको गं, नको, म्हणत माझे हात धरतात. बडे साहेब लोक वेगळ्या शब्दांत तेच बोलतात: 'तुम्ही कशाला, वॉर्डबॉयला सांगा ना.' आजोबांना आणि त्या बायकांना माझं शिक्षण, माझा पोशाख आपल्यापेक्षा मोठा वाटतो. साहेबांना हे काम आपल्यासमोर बसलेल्या शिकलेल्या बाईच्या मानाने हलकं वाटतं. सगळ्यांच्याच मनात माणसांची उतरंड पक्की बसलेली आहे, आणि पाय हे तिचं खालचं टोक.

आपल्या देशात पायांचा हिशेब फार जुना आहे. कुणी कुणाच्या पाया पडायचं हे ठरलेलं. पंढरीच्या वारीत तेवढा तो हिशेब मोडतो. तिथे म्हातारा तरुणाच्या पाया पडतो आणि तरुण म्हाताऱ्याच्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे मला समजतं. पण माझी पणजी ज्या वस्तीत राहायची तिथल्या माणसांना गावात पायताण घालून चावडीवरून जायची सोय नव्हती. चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. आमच्या घरात बाप्तिस्मा आला तो तिच्या पिढीत. वर मान करून चालायचं, चपला घालून चालायचं, मुलीला शाळेत घालायचं, हे तिला येशूच्या नावाने मिळालं. त्या बाईला कुणी 'लीन हो' असं सांगितलं असतं, तर ते शुभवर्तमान ठरलं नसतं. गावाने तिला पिढ्यान्‌पिढ्या तेच तर सांगितलं होतं.

म्हणून पौलाचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र कसं वाचायचं हा माझ्यासाठी अभ्यासाचा विषय नाही, घरचा आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी दिलेल्या होत्या. नागरिकत्वाचा आणि पदांचा त्या गावाला मोठा अभिमान. माणसं आपल्या पदांची यादी दगडावर कोरून घेत. नम्रता हा त्यांच्या लेखी गुण नव्हता, गुलामाची खूण होती. अशा गावातल्या मंडळीला पौल बंदिवासातून लिहितो, की स्वतःपुरतं बघणारी चढाओढ आणि पोकळ मोठेपणा सोडा. आणि उदाहरण कुणाचं देतो? खालच्या माणसाचं नाही. देवाच्या बरोबरीचा जो होता, त्याचं. ज्याच्यापाशी सगळं होतं त्याने ते धरून ठेवलं नाही, दासाचं रूप घेतलं, आणि गुलामांना द्यायच्या शिक्षेने, वधस्तंभावर, तो मेला. दुसऱ्या अध्यायातली सगळी वाट वरून खाली येते. ज्याच्या हातात काही आहे त्याला ती सांगितलेली आहे. मंचावरून खालच्या बाकांना नम्रता शिकवणाऱ्याने तो अध्याय आधी स्वतःला वाचून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच पत्राच्या शेवटी दोन बायकांची नावं आहेत, युवदीया आणि सुंतुखे. त्यांचं आपसात पटत नव्हतं. त्या कशावरून भांडल्या हे पौल सांगत नाही. या दोघींनी शुभवर्तमानाच्या कामात माझ्याबरोबर कष्ट केले आहेत, एवढं मात्र तो आवर्जून नोंदवतो आणि त्यांना मदत करायला सांगतो. भांडणाऱ्या बायकांबद्दल इतक्या आदराने लिहिलेलं मी आमच्या वॉर्डच्या एकाही मेमोत वाचलेलं नाही.

लीनता म्हणजे मान खाली घालणं नव्हे, हे मराठी माणसाला पंडिता रमाबाईंकडून शिकता येतं. त्या जन्मल्या इकडेच, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला, १८५८ मध्ये. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उपकारकर्त्यांनी आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली, तेव्हा रमाबाईंनी त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. हीच बाई पुढे दुष्काळात सापडलेल्या मुली गोळा करून आणते, केडगावला मुक्ती मिशनात त्यांच्यात राहते. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी केलं ते खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा साध्या भाषेत. त्याचे खिळे जुळवले मुक्ती मिशनातल्या मुलींनीच. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, ते शास्त्र छापून पुरं झालं त्यानंतर. बिशपांपुढे न वाकणारी आणि दुष्काळातल्या पोरीपाशी जमिनीवर बसणारी बाई एकच आहे. मला यात विसंगती दिसत नाही.

आता वॉर्डाबद्दल. स्वार्थी महत्त्वाकांक्षा रुग्णालयात आरडाओरडा करत येत नाही. ती ड्युटी रोस्टरमधून येते. कन्सल्टंटच्या राउंडला जी नेमकी पलंगाशी उभी असते आणि बेडपॅनच्या हाकेला जी नेमकी स्टोअरमध्ये असते, तिच्यात दिसते. इन्सिडेंट रिपोर्ट लिहिताना ज्युनियरचं नाव पूर्ण आणि आपलं आद्याक्षरात लिहिण्यात दिसते. मीटिंगमध्ये 'आम्ही' म्हणून सुरू झालेलं वाक्य 'मी'वर संपतं, त्यात दिसते. इन्चार्जची जागा रिकामी होणार अशी कुणकुण लागली की वर्षानुवर्षांच्या मैत्रिणी एकमेकींच्या हॅण्डओव्हरमधल्या चुका वहीत टिपायला लागतात. आणि तिची दुसरी बाजूही असते, जी मला जास्त भीतिदायक वाटते: 'मी काही नाही, सगळं प्रभूच करतो' असं म्हणत म्हणत प्रत्येक समितीत जाऊन बसणं. मंडळीच्या निवडणुकांतही हे चालतं आणि ते सर्वांना माहीत आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, ती वाचली की मी थबकते. सर्वांत मोठा कोण, हा शिष्यांचा वाद शेवटच्या भोजनाच्या मेजावरच झाला. योहान म्हणतो त्याच रात्री पाय धुतले गेले. दोन्ही वृत्तांत एकत्र ठेवले तर असं दिसतं, की प्रभू परात घेऊन वाकला ती खोली चढाओढीने भरलेली होती. त्याआधीच याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागून बसले होते. मत्तय सांगतो, त्यांची आईच विचारायला आली. बाकीचे दहा जण रागावले, कारण जागा त्यांनाही हव्या होत्या. येशूने मोठं होण्याची इच्छा धरल्याबद्दल त्यांना फटकारलं नाही. मोठं व्हायचंय ना, मग सेवक व्हा, असं सांगितलं. इच्छेची दिशा बदलली, ती मारून टाकली नाही.

हे मी सगळ्यात स्पष्ट पाहिलं ते आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टरांमध्ये. त्या कोट्टयमकडच्या. मल्याळी असो, मराठी असो, आम्ही सगळ्या त्यांना चेचीच, म्हणजे ताई, म्हणायचो.

बंगळूरचा डिसेंबर-जानेवारी गार असतो. त्या दिवसांत वॉर्डात एक प्रकार दरवर्षी व्हायचा. दाखल होताना एका पायाला जखम असलेल्या पेशंटच्या दुसऱ्या, चांगल्या पायावर तीन-चार दिवसांनी मोठे फोड दिसायचे. डॉक्टरांनी पट्ट्यांचा दोष काढला, चादरींचा काढला. आमच्या वॉर्डात तुमकूरकडच्या एक आया होत्या, कंत्राटदारामार्फत आलेल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. एकदा पहाटे त्या चेचींना म्हणाल्या, 'सिस्टर, हे फोड आंघोळीच्या दिवशीच येतात.' घरचे लोक प्रेमाने बादलीभर कढत पाणी आणून म्हाताऱ्याच्या गारठलेल्या पायांवर ओतत होते. पाय बधिर, पेशंट हूं की चूं करत नव्हता. त्या दिवसापासून अक्कांनी आपल्या पाळीत एक नेम धरला: कोपर बुडवून पाहिल्याशिवाय एकही बादली बाथरूममधून पेशंटकडे जायची नाही. तळहात कामाने निबर झालेला असतो, त्याला उष्णता नीट कळत नाही, कोपराला कळते. त्यांच्या पाळीतले फोड थांबले. चेचींनी ते सगळ्या पाळ्यांना लागू केलं, आकडे ठेवले, आणि पुढच्या थंडीत वॉर्डातले असे फोड जवळपास नाहीसे झाले.

मग त्याचा 'प्रकल्प' झाला. गुणवत्ता विभागाने पोस्टर केलं, परिषदेत लावलं, बक्षीस मिळालं. पोस्टरवर नावं होती वरच्या लोकांची आणि शेवटी चेचींची. अक्कांचं नाव नव्हतं. चेचींनी जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, की नाव घालायला कर्मचारी क्रमांक लागतो आणि कंत्राटी माणसाला तो नसतो. खोटं बोललं गेलं नव्हतं. फॉर्ममध्ये खरोखरच तसा रकाना होता. कोणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकाने आपापलं नाव घालताना फक्त वर पाहिलं होतं.

चेचींनी आपलं नाव काढून टाकायला सांगितलं नाही. मला त्या वेळी ते खटकलं होतं. त्यांनी वेगळं केलं. नव्या परिचारिकांची तुकडी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात पायांच्या काळजीचा तास असतो. त्या तासाला त्यांनी अक्कांना समोर उभं केलं. बी.एस्सी. झालेल्या वीस मुली आणि पुढे आयेच्या हिरव्या साडीतल्या अक्का, हातात बादली. पहिल्या वेळी अक्कांना बोलवेना. चेची मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनी विद्यार्थिनीसारखा हात वर करून प्रश्न विचारला: 'अक्का, कोपर किती वेळ ठेवायचं?' मग त्या बोलल्या. नंतर दर तुकडीला तो तास त्यांचाच झाला. आपलं नाव पुसणं सोपं होतं, त्याची चर्चा झाली असती, चेचींचा मोठेपणा वाढला असता. दुसऱ्याला जागा करून देणं अवघड होतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही.

पुढे नर्सिंग सुपरिंटेंडेंटची जागा निघाली आणि चेचींनी अर्ज केला. उघडपणे, तयारी करून. मुलाखतीसाठी रात्री बसून आकडे काढत होत्या. 'इतकी नम्र बाई, हिला कशाला हवीय खुर्ची?' अशी कुजबुज झाली, ती त्यांच्या कानावर गेली. त्या मला म्हणाल्या, 'आयांच्या सलग बारा तासांच्या पाळ्या मी इन्चार्ज म्हणून बदलू शकत नाही. सुपरिंटेंडेंट बदलू शकते. म्हणून हवी आहे.' नम्र माणसाने मागूच नये, ही समजूत कुणाच्या सोयीची आहे, हे त्या दिवशी मला कळलं. चेचींना जागा मिळाली नाही. त्या ड्रेसिंगरूममध्ये दार लावून रडल्या, हे मुद्दाम लिहिते, कारण नम्र माणसाला लागत नाही असं आपण मानतो. त्यांना फार लागलं होतं. पण नव्या सुपरिंटेंडेंट रुजू झाल्या त्या आठवड्यात पाळ्यांचे काढलेले सगळे आकडे, तक्ते, पर्यायी रोस्टर चेचींनी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वर्षाभराने आयांच्या पाळ्या आठ तासांच्या झाल्या. परिपत्रकावर सही नव्या मॅडमची होती. चेचींना ज्या कारणासाठी खुर्ची हवी होती, ते काम झालं होतं. माझ्या मते त्यांच्या महत्त्वाकांक्षेची परीक्षा तिथे झाली आणि ती खरी उतरली.

आमच्या कामात असंही कुठल्या जखमेवर कुणाचं नाव नसतं. पायाची जखम भरायला आठवडे, कधी महिने लागतात. सकाळच्या पाळीने साफ केलेली जागा रात्रीच्या पाळीने कोरडी ठेवलेली असते, सुटीनंतर येऊन बघावं तर तळाशी लाल, दाणेदार मांस आलेलं असतं. कुणामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. नारायण वामन टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं. त्याचा मोठा भाग नंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. दुसऱ्याने सुरू केलेलं पुढे नेण्यात कमीपणा वाटू नये, याला मोठं मन लागतं.

आणखी एक सांगायचं आहे, तरुण मुलींबद्दल. आमच्या वॉर्डातल्या निम्म्या मुली ओईटीचा, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, अभ्यास करत असतात. आयर्लंड, इंग्लंडला जायचं असतं. प्रवचनात त्यांच्यावर हटकून टीका होते: सेवा सोडून पैशामागे धावणाऱ्या. ज्या मुलीच्या पगारावर घरचं शैक्षणिक कर्ज, धाकट्याची फी आणि आईची औषधं चालतात, तिने जास्त पगाराची इच्छा धरणं याला मी स्वार्थ म्हणणार नाही. इथे तिला काय मिळतं ते आधी बघा, मग तिला त्याग शिकवा. कमी पगारावर राबवून घेण्यासाठी 'सेवा' हा शब्द वापरला जातो, तेव्हा त्या शब्दाचा धनी ख्रिस्त नसतो.

अक्का आता निवृत्त झाल्या. कोपराचा तास दुसऱ्या एक आया घेतात. चेची कोट्टयमला परतल्या. मी त्यांच्या जागी इन्चार्ज आहे आणि अजून रोज सकाळी स्टुलावर बसते, कारण इन्चार्जने पाय बघायचे थांबवले की वॉर्डात काय चाललंय ते तिला फक्त कागदावरून कळतं.

माझी विनंती मिशन रुग्णालयं चालवणाऱ्या मंडळ्यांना आणि विश्वस्तांना आहे, कारण त्यांच्या भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र आहे आणि त्यांच्या हातात फॉर्म आहे. तुमच्या अहवालांतला, पोस्टरांतला, बक्षिसांतला तो कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढून टाका. काम ज्याने केलं त्याचं नाव लिहा, मग तो कंत्राटी असो, आया असो, सफाई कामगार असो. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कंत्राटदाराच्या नावापेक्षा त्यांचं नाव मोठं छापा. पुढच्या पवित्र गुरुवारी पाय धुवायला बारा जण निवडाल, तेव्हा बोलावणं आधी त्यांच्याकडे जाऊ द्या.